हवा काढा

दुधरामच्या तोंडून चार वर्षांत ‘हवा’ हा शब्द निघाला नव्हता. ट्रक चालवणाऱ्या माणसाला हे सोपं नाही. टायर तपासायला सांगायचं झालं तर तो ‘पौंड पाहून घे’ म्हणे. टायर बसलेलं दिसलं तर ‘चाक नरम आहे’ म्हणे. एकदा अर्जुनीच्या स्टेशनावर दुसऱ्या गाडीच्या क्लीनरने सहज विचारलं की, उस्ताद, मागच्या चाकात हवा मारू का. दुधरामने त्याची मान पकडली आणि तोंड मडगार्डवर आपटलं. एकदा आपटून थांबला नाही, तीनदा आपटलं. क्लीनरचे पुढचे दोन दात तिथेच धुळीत पडले. का मारलं ते दुधरामने सांगितलं नाही आणि केशोरी-अर्जुनी रस्त्यावरच्या लोकांनी विचारलंही नाही. बायको गेल्यापासून माणूस बिघडला, एवढंच ते आपसात म्हणत.

गाडी ठेकेदाराची होती. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या फोर्ड गाड्यांपैकी एक. चारही चाकांना जोर लागणारी, मागेसुद्धा एकेरीच रुंद टायर असलेली. उन्हाळ्यात केशोरीच्या जंगलातला तेंदूपत्ता ती अर्जुनीच्या स्टेशनावर नेई, तिथून तो छोट्या लाइनीने गोंदियाला जाई आणि त्याच्या बिड्या होत. मध्ये गाढवी नदी होती. पूल नव्हता. मे महिन्यात पाणी एका काठाला सरकून घोट्याएवढं राही आणि बाकी दोन फर्लांग नुसती रेती.

ती रेती ओलांडायची एकच रीत होती. अलीकडच्या काठावर थांबायचं, टायर नरम करायचे म्हणजे ते पसरतात आणि गाडी रेतीवर तरंगल्यासारखी जाते. पलीकडे दगडांचा रस्ता सुरू होतो, तिथे पुन्हा थांबून पंपाने टायर कडक करायचे, नाहीतर दगड त्यांच्या चिंध्या करतात. सगळे ड्रायव्हर असंच करत. दुधराम करत नसे. तो अर्धाच माल भरी, हमालांकडून रेतीवर बांबूचे तट्टे अंथरून घेई आणि कडक टायरांनीच गाडी हाणी. ओरडत, शिव्या देत, एक्सलला रेती लागेपर्यंत. आजवर तो पार झाला होता.

एकोणीसशे छप्पनच्या मे महिन्यात ठेकेदाराचा मुनशी भैयाजी याने दोन गोष्टी एकाच सकाळी केल्या. मालाचा शेवटचा डबा चारच्या गाडीला लागणार होता, म्हणून दुधरामच्या ट्रकमध्ये पूर्ण बोजा भरला. आणि दुसऱ्या ट्रकचा एक्सल मोडला होता, तो दुरुस्तीला गोंदियाला न्यायचा म्हणून त्या ट्रकच्या ड्रायव्हरला दुधरामच्या शेजारी बसवलं. भैयाजी गोंदियाचा, त्याच वर्षी कामावर आलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. दुसरा ड्रायव्हर गोवर्धन होता.

गोवर्धन पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने थोराड. लढाईत तो मिसर म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात लष्कराच्या गाड्या चालवून आला होता. दुधराम आधी त्याचाच क्लीनर. गोवर्धनने त्याला गिअर शिकवला, रेती शिकवली, आणि दुधराम त्याला उस्ताद म्हणत असे. चार वर्षांपूर्वी गोवर्धन हा भाग सोडून रायपूरकडे गेला, तो या हंगामात परत आला होता, पण त्याची गाडी जंगलातच फिरे, नदी ओलांडत नसे. आल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

का गेला होता, ते नदीकाठच्या गावात लहान पोरसुद्धा सांगू शकलं असतं. दुधरामची बायको रुख्मा दोन दिवस बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले. तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला गोवर्धनच्या ट्रकमध्ये घातलं. गाडी रेतीत फसली. गोवर्धनने मालकाच्या टायरांना जपलं, ते नरम केले नाहीत, आणि रुख्मा पोटातल्या पोरासकट नदीतच मेली. दुधरामने चितेजवळ उभं राहून असं सांगितलं होतं. रुख्माचा भाऊ बकाराम त्या दिवशी वडशाला गेला होता, तो चितेच्या वेळी पोचला. तो म्हणाला होता की हा माणूस पुन्हा नदीत दिसला तर नदीतून बाहेर जाणार नाही.

भैयाजीने हुकूम दिल्यावर दुधरामने सीटखाली पंप आहे का ते पाहिलं, टॉमी पाहिली, आणि तो गाडीत बसला. टॉमी म्हणजे चाक खोलायची हातभर लांब लोखंडी कांब. ती नेहमी मागे पेटीत असायची. त्या दिवशी त्याने ती पायाशी ठेवली. हे गोवर्धनने पाहिलं आणि तरीही तो शेजारी बसला. वर पत्त्याच्या पोत्यांवर दोन हमाल चढले.

गाडी नदीशी आली. काठावर गोवर्धनला वाटलं असावं की गाडी थांबेल, कारण त्याने दाराचा दांडा धरला. दुधरामने उलट अॅक्सिलरेटर दाबला. गाडी उतारावरून धडधडत रेतीत घुसली, पन्नास-साठ पावलं गेली, मग पुढून कोणी छातीवर हात ठेवावा तशी मंदावली. दुधरामने आणखी दाबलं. चाकं जागीच फिरली, मागे रेतीचे फवारे उडाले आणि गाडी बसली. हमालांनी तट्टे लावले. चाकांनी ते आत ओढले, मोडले आणि मागे फेकले. एका तट्ट्याची कामटी हमालाच्या पोटरीत शिरली. तो खाली बसून रक्त पाहत राहिला. मागचा एक्सल रेतीत दिसेनासा झाला होता.

गोवर्धन खाली उतरला. त्याने टायरला लाथ मारून पाहिली.

“पन्नासच्या वर हायेत,” तो म्हणाला. “एवढ्या बोजाले वीसवर आण. पंधराच्या खाली नोको नेऊ, टायर रिम सोडते. मीच शिकवलो होतो तुले.”

दुधराम टॉमी घेऊन उतरला. म्हणाला, आणखी तट्टे आणतो.

“किती तट्टे आणशील? गाव भरून आणशील तरी नाही निघत.” गोवर्धन वाकून वॉल्वचं टोपण फिरवू लागला. “हवा काढ, दुधराम.”

दुधरामने टॉमी मारली ती त्याच्या खांद्यावर बसली. गोवर्धन गुडघ्यावर आला. दुसरा वार यायच्या आत त्याने मूठभर रेती दुधरामच्या डोळ्यांत फेकली आणि डोकं खाली घालून त्याच्या पोटात शिरला. दोघं आडवे झाले. दुधरामला दिसत नव्हतं. हाताला जे लागेल ते त्याने ओरबाडलं, गोवर्धनचा कान दातात धरला आणि सोडला नाही. गोवर्धनने कोपर त्याच्या नाकावर मारलं, एकदा, दोनदा, तेव्हा कान सुटला, पण वरची पाळी सुटली नाही, ती दुधरामच्या तोंडातच राहिली. तापलेली रेती दोघांच्या रक्ताला चिकटत होती. हमाल आधी लांबून पाहत उभे राहिले आणि मग एक लंगडत, एक पळत गावाकडे गेले.

गोवर्धन वयाने मोठा असला तरी वजनाने भारी होता. तो दुधरामच्या छातीवर बसला आणि हाताची नळी गळ्यावर दाबली. त्याच्या कानाचं रक्त दुधरामच्या तोंडावर पडत होतं.

“चार वर्सं सांगून राहिला का गोवर्धनानं माही बायको मारली,” तो म्हणाला. “मी तुले पंप आणाले पाठवलो होतो. तू काय आणला? सांग ना बे. काय आणला तू?”

दुधरामचा उजवा हात मोकळा होता. रेतीत चाचपडताना टॉमीचं टोक बोटांना लागलं. त्याने ती पडल्या पडल्या फिरवली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि गोवर्धनचा खालचा जबडा एका बाजूला गेला. तो बाजूला कलंडला. दुधराम उठला आणि त्याने आणखी एकदा डोक्यावर मारलं. त्यानंतर गोवर्धन हलला नाही. तो श्वास घेत होता, पण प्रत्येक श्वासाबरोबर तोंडातून रक्ताचा बुडबुडा येई आणि फुटे.

दुधराम चाकाला टेकून बसला. नदीत कोणी नव्हतं. आणि ज्या गोष्टीकडे त्याने चार वर्षं पाहिलं नव्हतं ती समोर पडलेल्या माणसाने विचारून ठेवली होती.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी गाडी याच रेतीत फसली होती. गोवर्धन तेव्हाच म्हणाला होता की हवा काढावी लागते. पण त्याच्या पंपाचा चामडी वायसर फाटलेला होता. पंप नसताना हवा काढली तर पलीकडच्या दगडांवर टायर फाटतील आणि मग आपण स्टेशनाच्या चार कोस अलीकडेच पडून राहू, असं त्याचं म्हणणं. काठावरच्या गावात तेंदूपत्ता मोजून घ्यायचं ठाणं होतं, त्याला फळी म्हणत, आणि फळीवर ठेकेदाराचा पायपंप होता. तो आण, म्हणून त्याने दुधरामला पळवलं. दुधराम अनवाणी दीड मैल पळाला. ते रुख्माचं माहेर. विहिरीवर माणसं होती. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. तो म्हणाला, “रुख्मा... नदीत... हवा काढा लागते. लवकर चला.”

पंप हा शब्द तोंडातून आलाच नाही.

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन दिवस अडलेली बाई, भर दुपार, नदीचं पात्र. हवा लागली असणार, म्हणजे भुताची बाधा झाली असणार, हे म्हाताऱ्या बाया पहिल्या दिवसापासूनच बोलत होत्या. आता नवराच येऊन सांगत होता. दुधराम पाण्याचा लोटा तोंडाला लावेपर्यंत कोणीतरी पुजाऱ्याकडे धावलं होतं. अंगातली हवा काढणारा पुजारी. तो कडुनिंबाच्या डहाळ्या, केरसुणी आणि लाल मिरच्यांची पुरचुंडी घेऊन बाहेर आला, तेव्हा दुधरामला कळलं की लोकांनी काय ऐकलं. तेव्हा वेळ होता. फळी विहिरीपासून चाळीस पावलांवर होती, पंप दाराशी उभा दिसत होता. एक शब्द बोलायचा होता. तो बोलला नाही. दोन दिवस घरात तेच तेच ऐकून त्यालाही वाटून गेलं की असेल, हवाच असेल, माझ्या तोंडून देवानेच बोलवलं असेल. तो पुजाऱ्याच्या पुढे चालू लागला.

गोवर्धनने लांबूनच विचारलं होतं, पंप कुठं आहे. मग त्याने पुजाऱ्याच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि तो गाडीच्या फाळक्यापुढे आडवा झाला. चार माणसांनी त्याला ओढून खाली पाडलं, तोंड रेतीत दाबलं आणि एकजण मानेवर बसून राहिला. रुख्माला गाडीतून खाली काढलं. मिरच्यांचा धूर तिच्या तोंडाशी धरला. पुजाऱ्याने केस धरून तिला बसतं केलं आणि डहाळ्यांनी मारलं, पाठीवर, पोटावर, आणि विचारत राहिला की कोण आहेस, कधी जातोस. रुख्मा सांगत होती की मी रुख्माच आहे. तिचं ते सांगणं दुधरामला अजून आठवत होतं, पण किती वेळा ते तो मोजत नसे. मग तिचं सांगणं थांबलं आणि पुजारी म्हणाला, निघाली. तिच्या पायातलं एक जोडवं रेतीत पडलं ते सापडलं नाही. चितेजवळ दुधरामने पुजाऱ्याचं नाव घेतलं नाही आणि पाहणाऱ्यांपैकीही कोणी घेतलं नाही.

चाकाला टेकलेल्या दुधरामने डोळे पुसले तेव्हा काठावरून माणसं उतरत होती. पुढे बकाराम होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती, मागे तिघांच्या हातात काठ्या. हमालांनी गावात काय सांगितलं असेल ते विचारायची गरज नव्हती.

बकाराम काळा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. बहीण गेल्यापासून त्याने दुधरामला कधी रिकाम्या हाताने घरी जाऊ दिलं नव्हतं. तांदूळ, लाखोळीची डाळ, काहीतरी बांधून देई. त्याने गोवर्धनला पायाने उताणं केलं, चेहरा पाहिला, आणि श्वास चालू आहे हेही पाहिलं.

“अर्धं काम तुमी केलं भाऊजी,” तो म्हणाला. “सरका. राहिलेलं मी करतो. रेती लय आहे, पुरून टाकू.”

त्याच्याबरोबरच्या माणसांनी काठ्यांच्या टोकांनी खड्डा उकरायला सुरुवातही केली. गाडीच्या सावलीत रेती ओली होती, भराभर निघत होती. बकारामने धोतर खोचलं आणि कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरली. मानेचा अंदाज घेण्यासाठी त्याने पातं एकदा हलकं टेकवून पाहिलं.

दुधरामला नुसतं बसून राहायचं होतं. तेवढं केलं असतं तर चार वर्षं जे सांगितलं ते कायमचं खरं झालं असतं. सांगणारा दुसरा माणूस उरलाच नसता. तो उठला आणि गोवर्धनच्या अंगावर आडवा पडला.

“त्यानं मले पंप आणाले पाठवलं होतं,” तो म्हणाला. “गाडीची हवा काढाची होती. गाडीची. मी तुमच्या विहिरीवर येऊन नुसतं म्हणलो, हवा काढा. लोकायनं पुजारी आणला. मले समजलं होतं. मी बोललो नाही.”

बकारामने पातं मागे घेतलं.

“पंप कुठी होता?”

“फळीवर. दारात उभा होता.”

“तुमी पाहिला?”

“पाहिला.”

बकारामने कुऱ्हाड उलटी केली आणि तिचा मागचा बोथट तुंबा दुधरामच्या डाव्या हातावर हाणला. कोपराच्या वर हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. दुधराम ओरडला नाही, गोवर्धनवरून सरकलाही नाही. बकारामने त्याच्या बरगड्यांवर हाणलं, मग पाठीवर, मग पुन्हा बरगड्यांवर. मारताना तो एकच गोष्ट विचारत होता, काऊन बोलले नाही, काऊन बोलले नाही. शेवटी बकारामने पातं पुढे फिरवलं आणि हात वर नेला. बरोबरची माणसं उकरायचं थांबली. त्यांतला एक त्या दिवशी गोवर्धनच्या मानेवर बसला होता. तो काठी टाकून खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

दुधरामच्या खाली गोवर्धन घरघरला. तोंडातलं रक्त घशात गेलं होतं. बकारामने ते ऐकलं. त्याने कुऱ्हाड खड्ड्यात फेकली.

“याले ने,” तो म्हणाला. आता तो दुधरामला अरे-तुरे करत होता. “मेला तर इकडं येऊ नोको. जगला तरी येऊ नोको.”

त्यांनी अर्धा बोजा खाली फेकला. चाकांपुढची रेती उकरून चर काढले. गोवर्धनला सावलीत कुशीवर निजवून जबडा धोतराच्या पट्टीने वरून बांधला. त्याने डोळे उघडले होते. दुधराम एका हाताने काम करायला वॉल्वजवळ बसला. पौंड मोजायचं घड्याळ गाडीत नव्हतं, कोणाच्याच गाडीत नसे. गोवर्धन टायर कानाने मोजायचा. टॉमीने ठोकायचं. रस्त्याचं टायर टणटण वाजतं, रेतीचं टायर धपकन वाजतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं ते कान सांगतो. दुधराम त्याच्याकडून बरंच शिकला होता, पण चार वर्षांत हे विसरला होता.

त्याने काडीने वॉल्व दाबला. हवा फुस्स करत बाहेर आली, गरम, रबराच्या वासाची. थोडी सोडून त्याने टॉमी उचलली. टोकाला रक्त आणि केस चिकटले होते. ते त्याने पुसले नाहीत. टायरवर ठोकलं आणि गोवर्धनकडे पाहिलं.

“उस्ताद?”

गोवर्धनने डोळे मिटून ऐकलं. बोटं जमिनीवर हलवली, आणखी. दुधरामने आणखी सोडली, पुन्हा ठोकलं. आणखी. टायरचं पोट खाली सुटत चाललं होतं. बकारामला वाटलं की आता चाक बसणार, तो तसं म्हणालाही. गोवर्धनने पुन्हा बोटं हलवली. पाचव्यांदा ठोकल्यावर त्याने तळवा रेतीवर सपाट ठेवला. बस.

दुसरं चाक तसंच झालं. तिसऱ्याला गोवर्धनची बोटं मंद झाली. चौथ्या चाकाशी दुधरामने ठोकून वळून पाहिलं तर तो तळवा उघडा टाकून निपचित पडला होता. छाती हलत होती, एवढंच. दुधराम तिसऱ्या चाकाकडे गेला, ते ठोकलं, परत चौथ्याकडे आला, ते ठोकलं. थोडी सोडली. पुन्हा तिसरं, पुन्हा चौथं. मोडलेला हात लोंबत होता आणि प्रत्येक खेपेला मडगार्डला लागत होता. दोन्ही आवाज एक झाले तेव्हा त्याने टोपण लावलं.

बकाराम न विचारता पुढे चढला आणि त्याने गोवर्धनचं डोकं मांडीवर घेतलं. गिअरचा दांडा त्याच्या गुडघ्याशी होता. दुधराम सांगे तसा तो ढकले, कारण दुधरामचा एकच हात होता आणि तो स्टिअरिंगवर होता. गाडी पहिल्यात हळू सुटली. चाकं जागीच फिरली नाहीत, चालली. मागून कोणी ढकललं नाही, तट्टा लागला नाही. रेतीवर रुंद, सपाट पट्टे उमटवत ती सरळ गेली, पाण्यातून गेली आणि पलीकडचा चढ चढली.

तिथे दगड सुरू होत होते. बकारामने सीटखालून पंप ओढला.

“मार आता,” तो म्हणाला.

पंप चांगला होता, वायसर नवा होता. चार टायर कडक करायला दोन हातांच्या माणसालाही तास-दीड तास लागतो. दुधरामने पंपाकडे पाहिलं, मग बकारामच्या मांडीवरच्या तोंडाकडे पाहिलं. धोतराची पट्टी लाल होऊन काळी पडू लागली होती.

“हवेसाठी एक डाव थांबलो होतो,” तो म्हणाला. “दांडा मागं ओढ.”

पहिला कोस टायरांनी काढला. दुसऱ्या कोसाला पुढचं उजवं टायर रिमवरून उतरलं, ट्यूब बाहेर येऊन चाकाला गुंडाळली आणि तुटून मागे पडली. मग मागचं गेलं. गाडीत जळक्या रबराचा वास भरला. प्रत्येक दगडाचा दणका लोखंडातून सरळ हाडात येत होता. बकाराम गोवर्धनचं डोकं दोन्ही हातांनी वर उचलून धरून बसला होता, दणका लागू नये म्हणून, आणि गिअर बदलायचा असला की पायाने दांडा ढकलत होता. दुधराम दोनदा शुद्ध हरपून स्टिअरिंगवर पडला. दोन्ही वेळा बकारामने त्याला मोडक्या हाताला धरून जागं केलं. तिसऱ्या कोसानंतर चारही रिमा दगडांवर वाजत होत्या आणि रस्त्याकडेच्या शेतांतली माणसं कामं सोडून बांधावर येत होती.

गाडी अर्जुनीच्या दवाखान्यासमोर थांबली तेव्हा चार वाजायचे होते. डॉक्टरांनी गोवर्धनला बाकावर घेतलं, जबडा पाहिला, डोकं पाहिलं, रक्त थांबवलं आणि म्हणाले की श्वास धड आहे, चारच्या गाडीने गोंदियाला पाठवा, जगेल. तोपर्यंत शिपाई आला. कोणी मारलं हे त्याने विचारलं. दुधरामने सांगितलं की मी मारलं, टॉमी गाडीत आहे. तुझा हात कोणी मोडला, असंही विचारलं. तेव्हा दुधराम म्हणाला की नदीत पडलो. बकाराम दारात उभा होता. तो हे ऐकून बाहेर पडला आणि नदीकडे चालायला लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

गोवर्धनला खाटेवर घालून स्टेशनाकडे उचललं तेव्हा वाट गाडीजवळूनच होती. त्याने बोटांनी उचलणाऱ्यांना थांबवलं. त्याला शुद्ध होती. त्याने गाडीची चाकं पाहिली. रिमा वाकून चपट्या झाल्या होत्या, एकीला रबराची एक पट्टी लोंबत होती, बाकी काही उरलं नव्हतं. चार कोस अशी आली होती. त्या दिवशीही अशी आली असती. गोवर्धन लष्करातला ड्रायव्हर होता, त्याला हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. तो चाकांकडे पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून बांधलेल्या पट्टीत जिरू लागलं.

दुधराम शिपायाबरोबर पायरीवर बसला होता. तो उठून खाटेजवळ गेला. शिपायाने अडवलं नाही.

“रुख्माले गाडीत ठेवून तुमी हवा काढली असती,” तो म्हणाला, “नाही तं मी पंप म्हणलो असतो, तं ती जगली असती.”

गोवर्धनला बोलता येत नव्हतं. त्याने नदीत ठेवला होता तसा तळवा खाटेच्या कडेवर सपाट ठेवला. स्टेशनावर इंजिनाने शिट्टी दिली आणि माणसांनी खाट उचलली.